प्रकाशाची पारख

'फोटोग्राफी' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ काय असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. ग्रीक भाषेतील दोन शब्द जोडून तो बनला आणि १८३९ च्या सुमारास प्रचारात आला. 'प्रकाशाने केलेले लेखन' हा त्याचा सरळ अर्थ. आपल्या भाषेने मात्र याच कलेला नाव देताना प्रकाश बाजूस ठेवला आणि छाया उचलली. आपण म्हणतो 'छायाचित्र'. एका भाषेने उजेडाचे नाव घेतले, दुसरीने सावलीचे. दोन्ही नावे खरी आहेत. पण मला विचाराल तर मराठी नाव अधिक मार्मिक आहे. कोऱ्या भिंतीवर नुसताच उजेड पडला तर तेथे पाहण्यासारखे काही नसते. तिच्यावर कोठेतरी सावली पडावी, तेव्हाच आकार प्रकट होतो.

पूर्वी एखाद्या गावात एकच कॅमेरा असे आणि त्याच्या धन्याला लग्नसराईत फुरसत मिळत नसे. आता घरोघरी मोबाइल फोन आला व त्याबरोबर कॅमेराही आला. बोट टेकवले की चित्र तयार. तरीही 'प्रत्यक्षात किती सुंदर दिसत होते, आणि फोटोत काहीच आले नाही!' ही तक्रार काही संपलेली नाही. अशा वेळी दोष बहुधा यंत्राला दिला जातो आणि अधिक महाग यंत्र घ्यावे असे वाटू लागते. वास्तविक उणीव असते ती प्रकाशाच्या निवडीत. वस्तू तीच, जागा तीच, यंत्रही तेच. परंतु प्रकाश बदलला की चित्र बदलते. म्हणून जितके लक्ष वस्तूकडे द्यावे, तितकेच तिच्यावर पडलेल्या प्रकाशाकडेही द्यावे. तो कोठून येतो, किती येतो, कठोर आहे की मृदू आहे, हे पाहण्याची डोळ्यांना सवय लावली पाहिजे.

जगातील सर्वांत जुने उपलब्ध छायाचित्र या बाबतीत मोठे बोलके आहे. फ्रान्स देशातील निसेफोर निएप्स या संशोधकाने १८२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून दिसणारे दृश्य एका धातूच्या पत्र्यावर उतरवले. पत्र्यावर त्याने डांबराच्या जातीचा एक पदार्थ लावला होता. उजेड लागला की तो पदार्थ घट्ट होई, आणि जेथे उजेड लागला नसेल तेथील भाग धुऊन काढता येई. परंतु हे काम इतके सावकाश चाले, की एका चित्रासाठी निदान आठ तास, कदाचित त्याहूनही अधिक काळ, यंत्र उघडे ठेवावे लागले. तेवढ्या वेळात सूर्य आकाशाच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेला. परिणाम असा झाला, की चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते! सकाळचे ऊन एका भिंतीवर, दुपारनंतरचे दुसरीवर, आणि चित्र मात्र एकच. असे ऊन कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. तरी निएप्सच्या यंत्राने खोटे काहीच सांगितले नाही. जेवढा प्रकाश आत आला, तेवढा सगळा त्याने इमानाने टिपून ठेवला.

आपला डोळा आणि यंत्र यांतील भेद येथेच आहे. डोळा हा समजूतदार साक्षीदार आहे. भर दुपारी अंगणातून माजघरात आल्यावर क्षणभर अंधारी येते. पण थोड्याच वेळात डोळ्यांची बाहुली रुंदावते आणि कोपऱ्यातील मडकी, दांडीवरील कपडे, पाटावर बसलेली आई, सगळे दिसू लागते. उन्हातील उजेड हा दिवा लावलेल्या खोलीतील उजेडाच्या कित्येक शे पट असतो, हे आपल्याला जाणवतही नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून ती तफावत परस्पर मिटवून टाकतात. यंत्राला ही समजूत नाही. उजळ अंगण आणि अंधारे माजघर एकाच चित्रात मागितले, तर ते दोहोंपैकी एकाची बाजू घेते. आजचे फोन पाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकत्र जुळवतात आणि ही उणीव थोडी भरून काढतात, हे खरे. पण त्यालाही मर्यादा आहे.

खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजीचा फोटो काळा येतो, तो यामुळेच. मागचे आभाळ इतके तेजस्वी असते की यंत्र त्याचाच हिशेब धरते आणि आजीचा चेहरा काळोखात बुडतो. येथे यंत्र बदलण्याची काही गरज नाही. आजीची खुर्ची फिरवावी. अर्थात पाठीमागून येणारा प्रकाश नेहमीच टाकाऊ असतो असे समजू नये. पिंपळाचे कोवळे पान सूर्याच्या आड धरून पाहा. पुढून साध्या हिरव्या दिसणाऱ्या त्या पानातील शीर न् शीर उजळून निघते. तिन्हीसांजेला टेकडीवरून परतणारी गुरे मावळतीच्या आभाळापुढे नुसत्या काळ्या आकृत्या होऊन उभी राहतात, आणि त्या आकृत्यांतही शिंगांचा बाक कसा स्पष्ट कळतो! चेहरा ओळखायचा असेल तर प्रकाश पुढून किंवा बाजूने हवा. आकार तेवढा दाखवायचा असेल तर तो मागून चालतो.

आता कठोर आणि मृदू प्रकाशाविषयी. प्रकाशालाही स्वभाव असतो, असे म्हणायला हरकत नाही. निरभ्र दुपारचे ऊन कठोर. त्याने पडलेल्या सावलीची कड सुरीने कापल्यासारखी असते. सूर्य प्रत्यक्षात अवाढव्य असला तरी आपल्याला तो आकाशात एका लहानशा टिकलीएवढा दिसतो, आणि प्रकाश जेव्हा अशा लहान जागेतून येतो, तेव्हा सावल्या तीक्ष्ण होतात. त्यातून मुंबई-पुण्याकडे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस असा एक दिवस येतो, की दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो शून्य सावलीचा दिवस विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आनंदाचा. चेहऱ्याच्या छायाचित्राला मात्र त्याच्याइतका वाईट मुहूर्त नाही. भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाची ओठांवर, आणि हसरा मुलगाही दहा दिवस उपाशी असल्यासारखा दिसतो. शाळांतील वर्गाचे सामूहिक छायाचित्र भर मध्यान्ही मैदानात काढण्याची जी रूढी कित्येक ठिकाणी आहे, तिचे समर्थन मला आजवर सापडलेले नाही.

याच आकाशात पातळ ढग आले की सगळे पालटते. सूर्याचा प्रकाश ढगांत शिरतो, विखुरतो, आणि मग तो त्या एका टिकलीतून न येता सगळ्या आभाळातून येऊ लागतो. सावलीच्या कडा विरघळतात. आपण ज्याला मळभ म्हणून नाक मुरडतो, तोच चेहऱ्यासाठी उत्तम प्रकाश असतो. जुन्या छायाचित्रकारांना हे चांगले ठाऊक होते. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकार होते. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. जगभर त्या काळच्या स्टुडिओंचे छप्पर किंवा एखादी भिंत काचेची करीत आणि त्या काचेखाली पांढरे पडदे ओढून ऊन चाळून घेत. पिठाला चाळणी, तसा उन्हाला पडदा!

परंतु मृदू प्रकाशाची सर्वांत सुंदर हकीगत आहे ती बंगालमधली. सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या 'पथेर पांचाली' या चित्रपटाचे छायालेखक सुब्रत मित्र हे काम सुरू झाले तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे होते, आणि त्यापूर्वी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. पुढच्या वर्षी 'अपराजितो' हा चित्रपट आला. त्यातील कुटुंब बनारसला राहावयास जाते. तेथील घर आपल्याकडील जुन्या वाड्यासारखे: मध्ये चौक आणि भोवती खोल्या. अशा घराची जाण तुमच्यापैकी काहींना असेल. चौकात ऊन थेट क्वचितच उतरते. वरच्या आभाळाच्या तुकड्यातून जो उजेड झिरपतो, तोच सगळ्या घराला पुरतो. त्या उजेडाला दिशा नसते, आणि त्यात सावल्या जवळजवळ पडत नाहीत. हे घर कलकत्त्यात उघड्यावर उभारण्याचा बेत होता. पण पावसाच्या भयाने ते बंद स्टुडिओत उभारावे असे ठरले. सुब्रतबाबूंना ते पसंत नव्हते. स्टुडिओतील मोठमोठ्या दिव्यांचा झोत म्हणजे कठोर प्रकाश. एकेका माणसाच्या तीन-तीन, चार-चार सावल्या भिंतींवर नाचणार. बनारसच्या चौकातील शांत उजेड तेथे आणायचा कोठून?

त्यांनी केलेला उपाय इतका साधा होता, की तो आधी कोणास का सुचला नाही याचे नवल वाटावे. चौकावर जेथे आभाळ असावयाचे, तेथे त्यांनी पांढरे कापड ताणून बसवले आणि दिवे माणसांवर न रोखता खालून त्या कापडावर रोखले. दिव्यांचा प्रकाश कापडावर आपटून, पसरून, मग खाली उतरू लागला. कापडाचे आभाळ झाले! चित्रपट पाहणाऱ्यांना ते खरेच बनारसमधील घर वाटले. उजेड सरळ न टाकता पांढऱ्या पृष्ठभागावरून परतवून घेण्याची ही रीत पुढे देशोदेशी वापरात आली.

हा प्रयोग तुम्हांलाही करता येईल, आणि त्याला पैसाही पडत नाही. आजीला किंवा आजोबांना उघड्या दारापासून दोन हातांवर, पण उन्हाच्या पट्ट्याबाहेर बसवा. दारातील उजेड एका गालावर येऊ द्या. दुसरा गाल फार काळा वाटला, तर त्या बाजूला कोणीतरी धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर ताणून धरावी. पाहता पाहता सावलीची बाजू उजळेल. कापड जवळ आणावे, दूर न्यावे, आणि चेहऱ्यावर काय घडते ते पाहत राहावे. सुरकुत्यांतील सावली पुरती घालवू नये, एवढेच सांगतो. साठ-सत्तर पावसाळे पाहिलेला चेहरा सपाट करून टाकला, तर मग छायाचित्र कोणाचे काढले?

कठोर प्रकाशाचेही मोल आहे. १९५९ च्या 'कागज के फूल' या चित्रपटात रिकाम्या, अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा एक जाड झोत दिसतो आणि त्या झोतात माणसे उभी राहतात. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी त्यासाठी मोठे आरसे लावून बाहेरचे ऊन आत वळवले होते. मुले आरशाने कवडसा पाडून वर्गात शिक्षकांना सतावतात, तीच ही युक्ती! हवेत धुळीचे किंवा धुराचे कण असले की झोत डोळ्यांना दिसतो. भारतीय चित्रपटसृष्टीत ते दृश्य चिरस्मरणीय ठरले, आणि मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

प्रकाशाच्या रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. साध्या तारेच्या दिव्याचा उजेड पिवळसर तांबूस, तर निरभ्र आकाशाखालच्या सावलीतला उजेड निळसर असतो. एकच कोरा कागद दोन्ही ठिकाणी धरला तरी आपल्याला तो पांढराच दिसतो, कारण डोळा आणि मेंदू उजेडाच्या रंगाशी जुळवून घेतात. यंत्रही आता हा भेद ओळखून रंग सुधारते; परंतु एका बाजूने दिवा आणि दुसऱ्या बाजूने खिडकी असली की त्याचा गोंधळ उडतो व चेहरा अर्धा पिवळा, अर्धा निळा होतो. अशा वेळी दिवा मालवावा. सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या सुमारास किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास घडतो, वाटेत निळा प्रकाश अधिक विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस सोनेरी तेवढा उरतो. ती अर्ध्या-पाऊण तासाची वेळ छायाचित्रकारांना प्रिय असते, हे तुम्ही ऐकलेच असेल.

पण जेथे प्रकाशच नाही तेथे काय करावे? 'मोठा उजेड पाडलास!' असे आपण उपरोधाने म्हणतो. काही माणसांनी मात्र तो अक्षरशः पाडला आहे. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियम मिसळलेली एक पूड निघाली. ती पेटवली की क्षणमात्र डोळे दिपवणारा लखलखाट होई. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात जेकब रीस नावाचा एक वार्ताहर होता. तो मूळचा डेन्मार्कचा; परदेशात येऊन हलाखीचे दिवस काढलेला. त्या शहरातील गरिबांच्या चाळींत अशा खोल्या होत्या, की ज्यांना एकही खिडकी नव्हती. तेथील माणसे कशी राहतात हे तो वर्तमानपत्रांत लिहीत असे. पण वाचणाऱ्यांना ते खरे वाटत नसे. नव्या पुडीची बातमी वाचताच त्याने ती घेतली आणि रात्री-बेरात्री त्या खोल्यांत शिरून, चक्क तळण्याच्या तव्यात ती पेटवून छायाचित्रे काढली. या खटाटोपात एकदोनदा आगही लागली. १८९० साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सुखवस्तू लोकांना आपल्याच शहराचा काळोख प्रथम दिसला. त्याच्या आणि इतर अनेकांच्या खटपटीनंतर १९०१ साली तेथे कायदा झाला. नव्या चाळींतील खोल्यांना बाहेर उघडणाऱ्या खिडक्या असल्याच पाहिजेत असे त्यात ठरले. मात्र झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांवर अचानक असा लखलखाट करणे कितपत योग्य, असाही प्रश्न येथे उरतोच. त्याचा विचार तुम्ही करा.

आजच्या फोनमधील लखलखाट, ज्याला आपण फ्लॅश म्हणतो, तो त्या पुडीचाच वंशज. त्याचे एक गणित ध्यानात असावे: लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले, तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो, तिप्पट केले तर नववा हिस्सा. म्हणून स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारला, तर रंगमंचावरील नट उजळत नाहीत. पुढच्या रांगेतील टकले तेवढी उजळतात. आणि अजिंठ्याच्या लेण्यांत तर फ्लॅशला मनाईच आहे, कारण तीव्र प्रकाशाने जुने रंग फिके पडण्याचा धोका असतो. तेथे आहे त्या मंद उजेडात, हात स्थिर ठेवून, जे मिळेल ते घ्यावे.

आता प्रकाशाच्या दिशेची गोष्ट. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती. ती समजून घेण्यासाठी चंद्राकडे पाहू. पौर्णिमेचा चंद्र तेजस्वी खरा, पण दुर्बिणीतून पाहिला तर निराशा होते. तो थाळीसारखा सपाट दिसतो. अष्टमीचा अर्धा चंद्र पाहा. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरे आणि डोंगर कसे उठून दिसतात! पौर्णिमेला सूर्य जणू आपल्या पाठीशी असतो. चंद्रावरील सावल्या डोंगरांच्या आड दडतात. अष्टमीला ऊन बाजूने, घासत जाते आणि लहानशा उंचवट्याचीही लांब सावली पडते. या सावल्यांवरूनच गॅलिलिओने १६०९ साली ओळखले की चंद्राचा पृष्ठभाग गुळगुळीत नाही, आणि तेथील डोंगरांच्या उंचीचा अंदाजही त्याने बांधला.

चंद्रावर लागू पडते ते तुमच्या गावातील दगडालाही लागू पडते. महाराष्ट्रात अनेक गावांत, देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ, वीरगळ उभे असतात. लढाईत किंवा गुरांच्या रक्षणासाठी ज्याने प्राण दिले, त्या वीराची ती स्मारकशिळा. तिच्यावरील शिल्पे खालून वर वाचावयाची असतात: तळाशी युद्ध आणि पडलेला वीर, त्याच्या वर त्याला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. मुंबईत बोरिवलीच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकांचे युद्ध कोरलेले आहे. या शिळा शतकानुशतके ऊन-पाऊस सोसत आहेत आणि वर्षागणिक थोड्या थोड्या झिजत आहेत. कित्येकांची नोंदही कोठे नाही. पुढच्या पिढीपर्यंत त्यांवरील वीराचा चेहरा टिकेलच असे नाही. आज काढलेले छायाचित्र कदाचित टिकेल. परंतु ते समोरून, सपाट उजेडात काढले, तर त्यात करड्या दगडापलीकडे काही दिसणार नाही.

येथे 'सकाळचे ऊन चांगले, दुपारचे वाईट' हा ठोकळ नियम कामास येत नाही. शिळेचे तोंड कोणीकडे आहे, ते आधी पाहावे. दक्षिणेकडे तोंड असेल, तर हिवाळ्यात सकाळी ऊन तुमच्या उजव्या हाताकडून आणि सायंकाळी डाव्या हाताकडून शिळेला घासत जाते. त्या दोन्ही वेळा उत्तम. तोंड पूर्वेस असेल, तर सूर्योदयाचे ऊन थेट तिच्या तोंडावर पडते, आणि शिल्प पौर्णिमेच्या चंद्रासारखे सपाट होते. तेथे बारा वाजण्याच्या थोडे आधी जावे. ऊन वरून खाली घसरत येते आणि प्रत्येक खाच बोलू लागते. चेहऱ्याला जी वेळ सर्वांत वाईट, तीच या शिळेला सर्वांत चांगली! पश्चिमेकडे तोंड असल्यास दुपार नुकती कलली की. उत्तराभिमुख शिळेला हिवाळ्यात ऊन मिळतच नाही; मे महिन्यातील सकाळ-संध्याकाळ पाहावी, अथवा अंधार पडल्यावर मोठ्या माणसांना सोबत घेऊन जावे, फोन विटांवर स्थिर ठेवावा आणि विजेरी शिळेच्या अगदी कडेला धरावी.

शिळेवर लेख असेल तर आणखी एक खुबी आहे. प्रकाश ज्या दिशेने धावतो, त्याच दिशेने कोरलेली रेघ त्याला अडवत नाही. म्हणून तिच्यात सावली पडत नाही. देवनागरी अक्षरांचा काना उभा, शिरोरेषा आडवी. विजेरी बाजूने धरली, तर काने स्पष्ट होतात आणि शिरोरेषा पुसट होतात. वरून धरली, तर नेमके उलट घडते. म्हणून यंत्र न हलवता, प्रकाश चारही बाजूंनी आळीपाळीने टाकून चार छायाचित्रे घ्यावी. एकात हरवलेले अक्षर दुसऱ्यात सापडते. ग्रीस देशाजवळ समुद्रात बुडालेल्या जहाजातून १९०१ साली वर काढलेल्या एका प्राचीन दंतचक्री यंत्राचे गंजलेले तुकडे २००५ साली याच तत्त्वावर तपासले गेले. दिवे बसवलेल्या घुमटाखाली तुकडा ठेवून, दिवे एकामागून एक लावून चित्रे घेतली, ती संगणकाने एकत्र केली, आणि झिजलेली ग्रीक अक्षरे वाचता आली. तुमच्याजवळ घुमट नसेल, विजेरी आहे.

अक्षरे उठून दिसावी म्हणून दगडावर खडू घासणे, तेल किंवा पाणी ओतणे, हे मात्र सर्वथा टाळावे. त्याने दगडाचे नुकसान होते, आणि कोरीव रेषेऐवजी आपण घासलेली रेषाच चित्रात येते. शेजारी एक मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळेल. दिनांक, वेळ आणि शिळेची दिशा वहीत लिहावी. आणि प्रकाश कोणत्या बाजूने टाकला होता, तो बाण काढून दाखवावा. आपला मेंदू प्रकाश वरून येतो असेच गृहीत धरतो. वरून उजळलेल्या शिल्पाचे छायाचित्र उलटे धरून पाहा, खोलगट भाग फुगीर आणि फुगीर भाग खोलगट भासू लागेल. बाण नसेल, तर उद्या ते चित्र पाहणाऱ्याला वीराच्या हातातील ढाल पोकळ परातीसारखी दिसायची.

स्वाध्याय

१. निएप्सच्या छायाचित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन का दिसते?
२. 'कापडाचे आभाळ झाले' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. जेकब रीसने झोपलेल्या माणसांची छायाचित्रे काढली, हे तुम्हांला योग्य वाटते काय? दोन्ही बाजूंचा विचार करून आठ-दहा ओळी लिहा.
४. पूर्वाभिमुख शिळेचे छायाचित्र सूर्योदयाच्या वेळी का काढू नये?
५. वाक्यात उपयोग करा : उजेड पाडणे, नाक मुरडणे, डोळे दिपणे.
६. घरातील एका नाण्याची चार छायाचित्रे चार बाजूंनी विजेरी धरून काढा. प्रत्येक चित्रात कोणती अक्षरे स्पष्ट दिसली, ते वहीत नोंदवा.